संसार सांभाळून मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढता येतील का?

प्रश्न (परभणी जिल्हा): मी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केले असून लग्नापूर्वी चित्रकला शिकवत होते. आता दोन लहान मुले, सासू-सासरे आणि शेतीचे घर आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणे हाच व्यवसाय करावा, अशी मनापासून इच्छा आहे. परंतु पुण्या-मुंबईपासून दूर राहून आणि दुपारचे दोनच तास हाताशी असताना हे जमेल का?

उत्तर (लातूर): ताई, अंतराची चिंता नको, कारण कच्च्या आराखड्यापासून अंतिम चित्रापर्यंत सारे ई-मेलवर पाठवता येते. वेळेची चिंता मात्र रास्त आहे. चित्रपुस्तक बहुधा 16, 24 किंवा 32 पानांचे असते आणि तिसऱ्या पानावर मुलीची वेणी जशी असेल, तशीच ती शेवटच्या पानावरही दिसावी लागते. म्हणून आधी प्रत्येक पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून एकाच कागदावर काढून ठेवा. कच्ची रेखाटने मुले भोवती खेळत असतानाही होतात. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मात्र अर्ध्यावर सोडून उठलात, तर वाळलेल्या कडेचा डाग राहतो आणि तो जात नाही. मी रंगकाम पहाटे, घर जागे होण्याआधी करते.

उत्तर (नांदेड): प्रकाशकाला कामाच्या नमुन्यांत सुटी निसर्गचित्रे पाठवू नका. एकाच गोष्टीतील चार सलग प्रसंग काढा. ज्वारीचे खळे, बाभळीखालची शेळी, हे आपल्याइतके बारकाईने कोण काढणार? बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक जरूर चाळा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): करार लेखीच करा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार, हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणूनच ‘सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य दिसले, तर सही करण्यापूर्वी त्याचा वेगळा मोबदला मागा. पुस्तकावर चित्रकार म्हणून नाव, मूळ चित्रे परत मिळणे आणि कच्ची चित्रे मंजूर होताच पहिला हप्ता, या अटीही लिहून घ्या. सोयाबीनच्या काढणीत येणारी मुदत मात्र स्वीकारू नका. प्रकाशकाला हे आधीच सांगितले, तर तारीख पुढे नेता येते.