ब्रायडल शॉवरची निमंत्रणे: कागदी कार्डे पाठवावीत की ई-निमंत्रणे?

धागा

नमस्कार. मैत्रिणीच्या मुलीचे लग्न ऑक्टोबरात न्यू जर्सीत आहे आणि तिचा ब्रायडल शॉवर, म्हणजे लग्नाआधी नवरीला भेटी देण्याचा बायकांचा समारंभ, ऑगस्टच्या शेवटी आमच्या घरी करायचे ठरले आहे. आईनेच लेकीचा शॉवर करणे म्हणजे भेटी मागितल्यासारखे दिसते, अशी इथली जुनी समजूत असल्यामुळे यजमानपद तिच्या दोन ब्राइड्समेड (लग्नात नवरीसोबत उभ्या राहणाऱ्या मैत्रिणी) आणि मानलेली मावशी म्हणून मी, अशा तिघींकडे आले आहे. त्या दोघींच्या मते पार्टीफुल या ऑनलाइन निमंत्रणांच्या अ‍ॅपवरून सर्वांच्या फोनवर निमंत्रण पाठवले की काम संपले. मुलाच्या आई ओहायोत असतात, त्यांनी मात्र अगदी सहज विचारले, "कार्डे केव्हा निघणार?" म्हणजे कार्डे निघणार हे त्यांनी धरूनच ठेवले आहे.

यादीत ३८ जणी आहेत: मुलीच्या १६ मैत्रिणी, आमच्या मंडळातल्या १४ आणि मुलाकडच्या ८. मुलाची आजी ८४ वर्षांची आहे आणि ती ईमेल वापरत नाही. घरांच्या हिशेबाने पाकिटे २९ होतात. खर्चापेक्षा मला काळजी उत्तरांची आहे, कारण केटररला दहा दिवस आधी पक्का आकडा द्यायचा आहे आणि आपल्या मंडळींचे "बघू, जमवते" हे त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. वडीलधाऱ्यांना कार्ड आणि बाकीच्यांना ई-निमंत्रण, असे केले तर कोणाला कमी लेखल्यासारखे वाटेल का?

प्रतिसाद १

ताई, मी दोन शॉवरची निमंत्रणे पाठवली आहेत, पहिल्या वेळी सगळी कागदी आणि दुसऱ्या वेळी सगळी ई-निमंत्रणे, आणि पक्का आकडा दोन्ही वेळा शेवटी फोन करूनच मिळाला. त्यामुळे उत्तरांच्या सोयीसाठी कार्डे टाळावीत, असे मला वाटत नाही. उलट वयावरून यादीचे दोन भाग करू नका. मंडळातल्या दोघी भेटल्या, एकीच्या फ्रिजवर कार्ड लावलेले आणि दुसरीच्या फोनमध्ये नुसती लिंक, की विषय वर्षभर पुरतो. कार्ड सर्वांना एकच पाठवा आणि उत्तर मात्र ऑनलाइन मागवा. कार्डाच्या तळाशी क्यूआर कोड आणि त्याखाली तुमचा फोन नंबर छापला की आजींचीही सोय होते.

आता पाकिटांविषयी, कारण आमची चूक तिथेच झाली. हौसेने चौरस पाकिटे घेतली, त्यांवर लाल-पिवळा धागा बांधला, आत धातूचा छोटा गणपती चिकटवला आणि प्रत्येकावर एकेकच तिकीट लावले. त्यांतली ११ पाकिटे तिकीट कमी पडले म्हणून आमच्याच दारी परत आली. इथल्या टपालात पत्र यंत्रातून जायचे असेल, तर पाकिटाच्या लांबीला उंचीने भागल्यावर उत्तर १.३ ते २.५ यांच्या दरम्यान यावे लागते; चौरसाचे उत्तर १ येते, म्हणून त्याला जादा शुल्क पडते. बाहेर बांधलेला धागा किंवा आतली उंचसखल वस्तू, यांनाही तेच जादा शुल्क पडते. एका तिकिटात वजन १ औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, एवढेच जाते. पाच बाय सातचे साधे कार्ड त्याच्या आयताकृती पाकिटात घालून पाठवले, तर यातले काहीही आड येत नाही.

जुलै २०२५ मध्ये फॉरएव्हर तिकीट (पुढे दर वाढला तरी चालणारे टपाल तिकीट) ७८ सेंटचे झाले, त्या दराने २९ पाकिटांचे २२ डॉलर ६२ सेंट होतात. कोणाकडे २०१६ मध्ये निघालेली दिवाळीची, पणतीचे चित्र असलेली तिकिटे उरली असतील तर मागून घ्या. तेव्हा ती ४७ सेंटना मिळत होती आणि फॉरएव्हर असल्यामुळे आजही पूर्ण दराने चालतात. हळदकुंकवाचे बोट मात्र पाकिटाला न लावता आतल्या कार्डाला लावा आणि पूर्ण वाळू द्या. आम्ही ओले असतानाच गठ्ठा रचला आणि सकाळी पाहिले तर सात पत्ते गुलाबी झालेले!

ई-निमंत्रणाची खरी सोय म्हणजे वेळ बदलली तर एका जागी दुरुस्ती होते. पण आमच्या वेळी चौघींनी ते उघडलेच नव्हते, कारण ते ईमेलच्या प्रमोशन्स कप्प्यात जाऊन बसले होते. शिवाय कोणी उघडले हे यजमानाला दिसते, आणि एखादीने तीनदा उघडूनही उत्तर दिले नाही, हे कळले की मनात उगीचच किल्मिष येते.

प्रतिसाद २ (पुण्याहून)

केळवणाला आपल्याकडे कोणी पत्रिका छापत नाही. फोन करून "रविवारी जेवायला या" असे म्हटले की आमंत्रण पोहोचते. मंडळातल्या चौदाजणींना कार्ड पाठवले तरी त्या "एक फोनही केला नाही" असेच म्हणतील, म्हणून त्यांच्यापुरते तरी आधी तोंडी बोलवा आणि मग काय पाठवायचे ते पाठवा.

धागाकर्ती

दोघींचे आभार. फोनचे म्हणणे अगदी पटले. आणखी एक अडचण अशी की मुलीने भेटवस्तूंची यादी, म्हणजे रजिस्ट्री, केली आहे आणि ब्राइड्समेड तिचा उल्लेख निमंत्रणावर हवा म्हणतात. "कृपया आहेर आणू नयेत" असे छापण्याची सवय असलेल्या आम्हाला ते फार अवघड वाटते आहे.

प्रतिसाद ३

इथल्या रीतीप्रमाणे रजिस्ट्रीचा उल्लेख लग्नाच्या पत्रिकेवर करत नाहीत, पण शॉवरच्या निमंत्रणावर तो चालतो, कारण शॉवर हा मुळात भेटी देण्याचाच समारंभ आहे. तरीही संकोच वाटत असेल, तर क्यूआर कोडमागच्या पानावर उत्तराखाली दुवा द्या, म्हणजे कार्डावर काहीच दिसत नाही. मंडळातल्या बायका यादी पाहूनही ओटीचे सामान आणि १०१ डॉलरचे पाकीट आणणारच आहेत, त्याला इलाज नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना लग्नाला बोलावलेले नाही त्यांना शॉवरला बोलावू नये, हा संकेत इथे कसोशीने पाळतात. भेट घ्यायची आणि लग्नाला वगळायचे, असा त्याचा अर्थ होतो. निमंत्रणे चार ते सहा आठवडे आधी हातात पडायला हवीत.

धागाकर्ती

पाच बाय सातची ३१ कार्डे छापायला देते आहे: २९ पाकिटांसाठी, एक मुलीच्या पुण्याच्या आजीसाठी, जे जुलैत भारतात जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून जाईल, आणि एक मुलीला जपून ठेवायला. उत्तरांचे पान ब्राइड्समेड करतील आणि मंडळातले फोन मी करीन. लग्नाच्या यादीविषयी वाचून मात्र दचकले, कारण मंडळातल्या चौदांपैकी दोघींची नावे मी आपल्या मनानेच घातली होती. त्या लग्नाच्या यादीत आहेत का, हे आज रात्रीच मैत्रिणीला विचारते. तोवर छपाई थांबवली आहे.