चौथ्या अमेरिकन चिलखती डिव्हिजनला लढाईत उतरायला सव्वातीन वर्षे का लागली?

अमळनेरकर (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना एक हिशेब जुळत नाही. अमेरिकेची चौथी चिलखती डिव्हिजन 15 एप्रिल 1941 रोजी न्यूयॉर्क राज्यातील पाइन कॅम्प येथे उभी राहिली आणि प्रत्यक्ष लढाईत उतरली ती जुलै 1944 मध्ये, नॉर्मंडीत. मधली सव्वातीन वर्षे कुठे गेली? आमच्या शिवारात सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आठ दिवसांत ट्रॅक्टर हाती घेतो आणि महिन्याभरात कपाशीच्या ओळींमधून कोळपणी करतो. रणगाडा त्याहून अवघड असणार हे मान्य, पण तीन वर्षांइतका? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

गिरणाकाठ (निवृत्त रिसालदार, चाळीसगाव तालुका)

अमळनेरकर भाऊ, रणगाडा चालवणे हा त्या शिक्षणातला सर्वांत सोपा भाग असतो. मी स्वतः अहमदनगरला शिकलो आणि पुढे विजयंता रणगाड्यावर नोकरी केली. अमेरिकन शर्मन मी फक्त संग्रहालयात पाहिला, पण पोलादी डब्याच्या आतले जीवन सगळीकडे सारखेच. शर्मनमध्ये पाच माणसे बसत: पुढे चालक आणि त्याचा मदतनीस, वर बुरुजात कमांडर, गनर आणि गोळा भरणारा. एकाचे काम दुसऱ्याला यावे लागते, कारण लढाईत कोण जखमी होईल हे ठरलेले नसते.

एक साधी गोष्ट सांगतो. तोफेची नळी आणि दुर्बीण एकाच बिंदूवर पाहतात की नाही, हे पुन:पुन्हा तपासावे लागते. त्यासाठी नळीच्या तोंडाशी ग्रीसने दोन दोरे उभा-आडवा चिकटवायचे, मागे ब्रीचमधून (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या तोंडातून) एक डोळा लावायचा, दोऱ्यांची फुली दूरच्या एखाद्या खुणेवर, समजा देवळाच्या कळसावर, आणायची आणि मग दुर्बिणीची खूण त्याच कळसावर जुळवायची. हे शिकायला अर्धा तास पुरतो. मात्र रात्रभर चालून आल्यावर, पाऊस पडत असताना, कोणी न सांगता ते करण्याची सवय लागायला वर्ष जाते. आणि ही झाली एका गाडीची गोष्ट. पुढे पाच गाड्यांची प्लाटून, मग कंपनी, मग बटालियन, आणि या सगळ्यांनी हाफट्रॅकमधल्या (पुढे चाके, मागे पट्टे असलेल्या गाडीतल्या) पायदळाशी, तोफखान्याशी आणि इंजिनियरांशी एका रेडिओवर बोलत लढायचे.

इतिहासवाला (जळगाव)

रिसालदारसाहेबांनी सांगितले ते बरोबरच आहे, परंतु विलंबाचे मोठे कारण माझ्या मते वेगळे होते. जुलै 1940 मध्ये जनरल चॅफी यांच्या हाताखाली अमेरिकेचे चिलखती दल स्थापन झाले तेव्हा डिव्हिजन दोनच होत्या, पहिली फोर्ट नॉक्सला आणि दुसरी फोर्ट बेनिंगला. युद्ध संपेपर्यंत त्या सोळा झाल्या. या नव्या डिव्हिजनांना शिकवणारी माणसे आणायची कोठून? तर जुन्यांतून. विरजणासाठी घरोघरी दही मागावे, तसा प्रत्येक जुन्या डिव्हिजनमधून अनुभवी अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा गट उचलला जाई, आणि मागे राहिलेल्यांना नव्या भरतीसह पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागे. लष्कराने हे नाइलाजाने केले असले, तरी त्यात महिनेच्या महिने गेले, हे मान्य करावे लागेल.

त्यात रचनाही बदलली. 1942 च्या आराखड्यात एका डिव्हिजनमध्ये साडेचौदा हजारांहून अधिक माणसे आणि 390 रणगाडे होते. सप्टेंबर 1943 मध्ये रेजिमेंट मोडून स्वतंत्र बटालियन केल्या गेल्या, माणसे अकरा हजारांच्या आसपास आली आणि रणगाडे 263 राहिले. चौथ्या डिव्हिजनने टेनेसीतील सराव केला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जनरल पॅटनने 1942 मध्ये उभारलेल्या प्रशिक्षण केंद्रात हिवाळा काढला, पुढे ती टेक्सासला गेली. दरम्यान फेब्रुवारी 1943 मध्ये ट्युनिशियातील कासरीन खिंडीत पहिल्या डिव्हिजनची दाणादाण उडाली होती, तेव्हा अपुऱ्या तयारीची किंमत सगळ्यांनाच दिसली.

भुसावळ यार्ड

मी रेल्वेतला माणूस, म्हणून शेवटच्या टप्प्याविषयी लिहितो. मिलिटरी स्पेशल आमच्या यार्डात लागली की रणगाडा वाघिणीच्या दोन्ही बाजूंना थोडा बाहेर आलेला दिसे. आम्ही त्याला ओडीसी (ठरलेल्या मापाबाहेरचा माल) म्हणतो आणि वेगावर बंधन घालून गाडी सोडतो. खाली लाकडी गुटके, चारी बाजूंना साखळ्या, आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर कोणीतरी हातोडीने गुटके ठोकून पाहणार.

अमेरिकनांनी यातला बराच व्याप टाळला. अनेक डिव्हिजनांनी सरावाचे रणगाडे मायदेशातच जमा केले आणि इंग्लंडला पोहोचल्यावर नवे घेतले. माणसांची तयारी मात्र बारीक होती: लशी, दातांची तपासणी, विम्याचे कागद, मृत्युपत्र, आणि कोणती डिव्हिजन निघाली हे कळू नये म्हणून खांद्यावरचे बिल्ले उसवणे. हे सगळे उरकायला वर्षे नव्हे, काही आठवडे लागत.

अमळनेरकर

सर्वांचा आभारी आहे. एक शंका उरली. वाळवंटात सराव केलेली माणसे नॉर्मंडीच्या कुंपणांत आणि पुढे बर्फात लढली. मग वाळवंटातला तो हिवाळा वाया गेला म्हणायचा का?

गिरणाकाठ

भाऊ, जमिनीपुरता गेला. नॉर्मंडीत मातीच्या बांधांवर दाट झाडी असे. बांधावर चढताना रणगाड्याचे पातळ पोट शत्रूसमोर उघडे पडे, आणि त्यावरचा उपाय कोणत्याही सरावात शिकवलेला नव्हता. तो तिथल्याच एका सार्जंटने काढला: जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेल्या पोलादी अडथळ्यांचे दात रणगाड्याच्या नाकाला जोडून बांध फोडायचा.

परंतु इतिहासवाल्या सरांच्या दह्याच्या दाखल्याला मी एक नाव जोडतो. क्रायटन एब्रम्स 1941 मध्ये पाइन कॅम्पला या डिव्हिजनच्या 37 व्या रेजिमेंटचा अ‍ॅडज्युटंट (कमांडरचा कार्यालयीन मदतनीस अधिकारी) होता आणि 1942 पासून बटालियनचा कमांडर. 26 डिसेंबर 1944 रोजी बेल्जियममधल्या, जर्मनांच्या वेढ्यातल्या बास्तोन्य गावाला पोहोचलेले पहिले रणगाडे त्याच्या 37 व्या रणगाडा बटालियनचे होते. मधल्या काळात किती माणसे काढून नेली तरी हा माणूस तिथेच राहिला, आणि रेडिओवर त्याचा आवाज ऐकला की पुढे काय करायचे हे त्याच्या कंपनी कमांडरांना अर्ध्या वाक्यात कळत असणार. आमच्या स्क्वाड्रनमध्येही असे एक साहेब होते. ते रेडिओवर नुसते खाकरले तरी आम्ही इंजिन चालू करायचो.