लष्करी अकादमीत फ्लाय फिशिंगचा क्लब हवा कशाला?

कऱ्हाडचे_नाना
मुलीकडे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आलोय, एअर फोर्स अकादमी जवळच आहे. तिथे कॅडेट्सचा फ्लाय फिशिंग (गळाला पिसांची खोटी माशी लावून मासे धरायचा) क्लब आहे असं कळल्यावर जावई म्हणाले, सैनिक घडवायचे की मासेमार? मला हे अजिबात पटलं नाही म्हणून धागा काढतोय. या अकादमीच्या कायद्यावर 1 एप्रिल 1954ला सही केली आयझेनहॉवरने, आणि तो स्वतः पक्का फ्लाय रॉडवाला. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचा 1915चा पासआउट, दुसऱ्या महायुद्धात युरोपात दोस्त फौजांचा सरसेनापती, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरसुद्धा सुट्टीत कोलोरॅडोतल्या फ्रेझर गावाजवळ सेंट लुईस क्रीक या ओढ्यावर ट्राउट मासे धरायला जायचा. 1955च्या जुलैत डेन्व्हरच्या लोरी तळावर पहिल्या 306 मुलांनी शपथ घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात आयझेनहॉवरचं सुट्टीतलं ऑफिसही त्याच तळावर होतं. म्हणून मी म्हणतो, या क्लबचा इतिहास क्लबच्या आधी सुरू होतो.

परवा ओढ्यावर एक पोरगा शिकताना बघितला. माशी म्हणजे हुकाला दोऱ्याने बांधलेलं पीस, तिला वजनच नसतं, वजन असतं दोरीला. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच रॉड पुढे आणायचा, जरा घाई केली की चाबकासारखा कडाका होतो नि माशी तुटून जाते. त्याच्या अशा चार माश्या गेल्या, पाचव्या वेळी तो थांबला. वीस वर्षांच्या पोराला थांबायला शिकवणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

सुभेदार_वाई
नाना, राग मानू नका पण मी 24 वर्षं फौजेत काढलीत, मला हे पटत नाही. इतिहास सांगायचाच तर पूर्ण सांगा. अमेरिकी फौजेचा जनरल क्रूक, वेस्ट पॉइंट 1852. 17 जून 1876ला तिथल्या मूळ रहिवाशांशी, लाकोटा आणि शायेन लोकांशी, रोजबडची लढाई झाली आणि हा मागे फिरून गूज क्रीकवर छावणी टाकून बसला. त्याचा सहायक जॉन बर्क याच्या नोंदी वाचा, आज कोणी किती ट्राउट धरले याचेच हिशोब, हजारोंनी मासे धरले. आणि त्याच दिवसांत, 25 जूनला, उत्तरेला लिटल बिगहॉर्नवर त्याच फौजेचा अधिकारी कस्टर आपल्या पाच कंपन्यांसकट मारला गेला, क्रूकला त्याचा पत्ताच नव्हता. क्लबच्या भिंतीवर आयझेनहॉवरचा फोटो लावणार असाल तर शेजारी गूज क्रीकचा नकाशाही लावा.

कऱ्हाडचे_नाना
सुभेदारसाहेब, नकाशा लावाच, मी म्हणतो पहिल्या दिवशी तोच शिकवा. पण क्रूक थांबला तो कुमक आणि रसद येईपर्यंत, माशांसाठी नव्हे. आणि ज्या मुलखात ही फौज घुसली होती तो लाकोटा आणि शायेन लोकांचा शिकारीचा मुलूख, गुन्हा शोधायचा तर तिथे शोधा. गळाला कशाला दोष देता?

रानवाट_मेघा
मी दोघांच्याही मध्ये पडते. माझं आजोळ आंबोलीचं. आपला राखी रानकोंबडा माहितीये ना, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकाकणारे ठिपके असतात. युरोपात सामन मासे धरायच्या माश्या बांधायला त्या पिसांना इतकी मागणी होती की या पक्ष्यांची बेसुमार शिकार झाली, आता 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. या छंदाचा हाही इतिहास आहे आणि तो कुणी सांगत नाही. कोलोरॅडोतही तेच, ब्राऊन ट्राउट युरोपातून आणलेला, रेनबो पॅसिफिककडचा, आणि मूळचा ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट इतका मागे रेटला गेला की 2012च्या जनुकीय अभ्यासात खरा ग्रीनबॅक फक्त एका बेअर क्रीकमध्ये उरलेला सापडला, तोसुद्धा कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच! क्लब असू दे, पण कॅडेटला आपण कुठला मासा धरलाय हे सांगता आलंच पाहिजे. आपल्या मुळामुठेतला खुदरी महाशीर 1839 साली शास्त्रात नोंदवला तो कर्नल साइक्सने, तोही फौजी माणूसच.

थेरपिस्ट_अनघा
मी ऑक्युपेशनल थेरपी (पेशंटला हातांची, रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार) करते म्हणून लिहिते. 2005 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलात जखमी सैनिकांसाठी फ्लाय फिशिंग सुरू झालं, नौदलातून निवृत्त झालेल्या एड निकल्सन यांनी ते सुरू केलं, त्याचंच प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स झालं. माशी बांधताना छोट्या व्हाईसमध्ये (शिकंज्यात) हुक पकडून त्यावर दोरा गुंडाळायचा म्हणजे बोटांची ताकद, नजर, लक्ष सगळंच कामाला लागतं, आणि पेशंटला ते व्यायाम वाटत नाही, तो स्वतःहून अजून दहा मिनिटं बसतो. हे मी रोज बघते.

सुभेदार_वाई
अनघाताई, जखमी जवानासाठी मी दोन्ही हात वर करून हो म्हणेन, माझ्या पलटणीतला एक जण पाय गमावून आला तेव्हा वर्षभर खिडकीकडे तोंड करून बसायचा, त्याच्या हातात असं काही असतं तर बरं झालं असतं. पण अकादमीतला धडधाकट पोरगा वेगळा. त्याला आठवड्यात मोजके मोकळे तास मिळतात, ते त्याने गिर्यारोहणात, रोइंगमध्ये, जिथे शेजाऱ्याचा जीव आपल्या हातात असतो तिथे घालवावेत. गळ टाकणारा एकटाच असतो.

कऱ्हाडचे_नाना
एकटा नव्हता हो तो. पाचव्या वेळी दोरी बरोबर पडली तेव्हा मागे उभा असलेला त्याचा मित्र त्याच्याआधी ओरडला. आता मेघाताईंच्या सांगण्यावरून बेअर क्रीकला जाणार आहे, रॉड न घेता, नुसता तो मासा दिसतो का बघायला. जावयांनाही नेतोय.