आंब्यावरच्या आमरीचे (ऑर्किडचे) नाव इंटरनेटवरील छायाचित्रांवरून कसे ठरवावे?

प्राजक्ता_मुलुंड

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतील झाडांना नावांच्या पाट्या लावण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. बकुळ, सोनचाफा, ताम्हण यांच्या पाट्या एका दुपारी लिहून झाल्या. दोन आमरींपाशी मात्र तीन आठवडे अडून बसले आहे.

पहिली आमरी गावची आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत दोन पावसाळ्यांपूर्वी हापूसची एक फांदी मोडून पडली, तिच्यावर ही चिकटलेली होती. दिरांनी ती फांदीच्या तुकड्यासकट मुंबईला आणली आणि आम्ही ती आवारातील आंब्याला सुतळीने बांधली. पावसाळ्यात तिला पाने येतात, दिवाळीनंतर गळतात, आणि आता जानेवारीअखेर निष्पर्ण कांड्यांवर फुलांचे झुबके आले आहेत. समोरून काढलेले छायाचित्र शोधयंत्रात टाकले, तर निम्म्या ठिकाणी 'डेंड्रोबियम बार्बेटुलम' आणि निम्म्या ठिकाणी 'डेंड्रोबियम ओव्हेटम' असे उत्तर मिळाले. दोन्ही नावांखालची छायाचित्रे मला सारखीच दिसतात. एका ठिकाणी तर तेच छायाचित्र दोन्ही नावांनी लावलेले आढळले.

दुसरी कुंडीतली आहे. दादरच्या एका विक्रेत्याने 'निळी वांदा' म्हणून दिली होती आणि फुले खरोखर शाईसारखी निळी होती. यंदा त्याच रोपाला पांढरीशुभ्र फुले आली! भ्रमणध्वनीवरील ओळख-ॲपने निळ्या आणि पांढऱ्या फुलांना दोन वेगवेगळी नावे दिली. पाट्या मुले वाचणार आहेत, त्यामुळे चुकीचे नाव लिहिण्याची इच्छा नाही. छायाचित्रांवर किती विश्वास ठेवावा?

कातळफूल

प्राजक्ताताई, आपण ज्या जोडीत अडकला आहात, तिच्यात पश्चिम घाटात हिंडणारे पुष्कळ जण अडकतात. दोन्ही जाती कोकणात आढळतात, दोन्हींची पाने हिवाळ्यात गळतात आणि दोन्ही निष्पर्ण कांड्यांवर फुलतात. म्हणून झुबक्याचे दुरून काढलेले छायाचित्र कितीही देखणे असले, तरी त्यावरून निर्णय होत नाही.

पाहायचे ते एका ताज्या फुलाच्या आत. बार्बेटुलमचे फूल पांढरे, पुष्कळदा गुलाबी झाक असलेले असते. ओव्हेटमचे फूल पिवळसर, सायीच्या रंगाचे आणि घशाशी हिरवट असते. हा हिरवा घसा जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्याही नजरेत भरला होता. लिंडली यांनी 1844 मध्ये या जातीला 'क्लोरॉप्स', म्हणजे हिरव्या डोळ्याची, असे नाव दिले होते. आज ते ओव्हेटमचेच समानार्थी नाव मानले जाते. त्यामुळे शोध घेताना 'डेंड्रोबियम क्लोरॉप्स' हे नावही टाकून पाहा, कारण जुन्या लेखनातील वर्णने त्याच नावाखाली सापडतील.

मात्र रंगावर विसंबताना सावध राहावे. पांढरे फूल कोमेजू लागले की पिवळसर होते, संध्याकाळच्या उन्हात सगळेच सायीच्या रंगाचे दिसते आणि भ्रमणध्वनीचा कॅमेरा आपल्या मर्जीने रंग गडद करतो, हे वेगळेच. म्हणून नुकतेच उमललेले फूल निवडून, सकाळी सावलीत, मागे पांढरा कागद धरून छायाचित्र घ्यावे. कागद पिवळा दिसला तर रंग बिघडला असे समजावे. शेजारी फूटपट्टी धरावी. (नाणे ठेवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण एकाच किमतीची नाणी निरनिराळ्या आकारांची निघतात.)

आमरीच्या फुलात तीन संदले (बाहेरची, पाकळ्यांसारखीच दिसणारी दले) आणि तीन पाकळ्या असतात, पैकी एका पाकळीचे रूप निराळे असते. तिला ओष्ठ म्हणतात, आणि जाती ओळखण्याची पुष्कळशी किल्ली त्या ओष्ठात असते: त्याचे खंड किती, कड सरळ की झालरीची, मध्ये केस आहेत की कंगोरे. त्यामागची नळी, म्हणजे शुंडिका, समोरून बहुधा दिसतच नाही. पावसाळ्यात फुलणाऱ्या हॅबेनेरिया लाँगिकॉर्निक्युलाटाचे नावच मुळी तिच्या लांबलचक शुंडिकेवरून पडले आहे. पण समोरून काढलेल्या छायाचित्रात ती आली नाही, तर ओळखीची मुख्य खूणच हरवते. तेव्हा एक छायाचित्र समोरून, एक बाजूने, एक मागून, एक ओष्ठाचे अगदी जवळून, आणि पानांसह संपूर्ण झाडाचे एक पावसाळ्यात, एवढे तरी असावे.

जुने_पान

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त प्राजक्ताताईंचा मूळ प्रश्न विश्वासाचा होता, त्याविषयी लिहितो.

इंटरनेटवरील छायाचित्राखालचे नाव हा पुरावा नसून कोणाचे तरी मत असते, आणि ते मत कोणाचे व कशावरून, हे कळल्याशिवाय त्याची किंमत ठरवता येत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर एखाद्या नोंदीला 'रिसर्च ग्रेड', म्हणजे ओळख पक्की मानल्याचा शिक्का, मिळण्यासाठी ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत लागते. पण किमान दोन जण पुरतात, आणि दुसऱ्याने ओष्ठ तपासून होकार दिला की पहिल्याचे नाव वाचून, हे त्या शिक्क्यावरून समजत नाही. तेथे नावे सुचवणारा संगणकही अशाच नोंदींवरून शिकलेला असतो. ज्या जातीची पुरेशी छायाचित्रे त्याने पाहिलेली नाहीत, ती तो सुचवूच शकत नाही आणि जवळच्या परिचित जातीकडे बोट दाखवतो. एका चुकीच्या नावाच्या दहा नकला झाल्या, म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही. म्हणून मी छायाचित्रांची संख्या मोजत नाही. नोंदीखालच्या चर्चेत कोणी कारण दिले आहे का, ते पाहतो.

मराठी नावांनीही हा गुंता सुटत नाही. 'सीतेची वेणी' हे नाव कोणी रिंकोस्टायलिस रेटुसाला देते, तर कोणी एरिडिसच्या जातींना. दोन्हींची लोंबती फुलांची वेणी पाहिली की त्यात कोणाची चूक म्हणावी, हे मला सांगता येत नाही.

मुंबईकरांच्या हाताशी एक चांगला आधार आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचे मुंबई इलाख्यातील आमरींवरचे पुस्तक 1966 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ओळखकिल्ल्या आहेत, म्हणजे 'असे असेल तर इकडे, तसे असेल तर तिकडे' अशा पायऱ्या. छायाचित्र जुळवण्याआधी ती किल्ली उतरून जावी. त्याच महाविद्यालयात ब्लाटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तेथील नमुन्यांतून पानांचा आकार, मोजमापे आणि गोळा केल्याचे ठिकाण कळते. रंग मात्र कळत नाही, कारण दाबून वाळवलेले आमरीचे फूल तपकिरी होते आणि चपटा ओष्ठ पुन्हा उमलत नाही. येथे छायाचित्रच उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे.

बाल्कनीतला_माळी

निळ्या फुलाचे कोडे सोपे आहे, ताई. ती वांदा नाही. रुंद, जाड, जमिनीलगत पसरलेली पाने असतील, तर ते फॅलेनोप्सिस आहे. पांढऱ्या फुलांच्या फॅलेनोप्सिसच्या दांड्यात निळा रंग टोचून तशी रोपे विकतात. पुढच्या खेपेला फुले मूळ पांढऱ्या रंगाची येतात. त्या रोपाने आपल्याला फसवले नाही, सुईने फसवले. फुलदांडा जपून ठेवला असेल, तर त्यावर टोचल्याची खूण कदाचित सापडेल.

बाजारातली अशी रोपे बहुतेक संकरित असतात, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या संकरातून संकर. आमरींच्या संकरांची आंतरराष्ट्रीय नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते आणि तिच्याकडे एक लाखाहून अधिक संकर नोंदलेले आहेत. पालकांची नावे असलेली मूळ पट्टी हरवली, की केवळ फुलाकडे पाहून त्यांतला नेमका संकर सांगता येत नाही, कारण एकाच संकरातली भावंडे वेगळी दिसतात आणि निराळ्या संकरांतली रोपे एकसारखी दिसू शकतात. ॲपने या रोपाला कुठल्याही रानजातीचे नाव दिले असेल, तर ते खोडून टाका. पाटीवर 'फॅलेनोप्सिस, संकरित' एवढेच लिहा. ते अपुरे वाटले तरी खरे आहे.

प्राजक्ता_मुलुंड

सर्वांची आभारी आहे. आज सकाळी कागद आणि फूटपट्टी घेऊन शिडीवर चढले. खाली वॉचमनकाकांनी शिडी धरली आणि शेवटी तेही ओष्ठ पाहू लागले. काल उमललेली फुले सायीच्या रंगाची आहेत, गुलाबी झाक कोठेही नाही, आणि आत डोकावल्यावर घसा स्पष्ट हिरवट दिसतो. तीन झुबक्यांतील फुले तपासली, सगळीकडे तसेच आहे. दुरून काढलेल्या माझ्या पहिल्या छायाचित्रात ही हिरवी छटा अजिबात आली नव्हती. कुंडीतल्या रोपाची पाने रुंद आणि जाड आहेत, दांडा मात्र मी कधीच कापून टाकला.

कातळफूल

मग आंब्यावर 'डेंड्रोबियम ओव्हेटम' लिहायला हरकत नाही. पाटी खिळ्याने न ठोकता सैल तारेने बांधावी. नोंद इंटरनेटवर टाकणार असाल, तर सगळी छायाचित्रे एकत्र टाका आणि हे झाड लावलेले आहे, मुलुंडचे रानटी नाही, असे आवर्जून नमूद करा. नाहीतर उद्या कोणी मुलुंडच्या वनस्पतींच्या यादीत ते घालील. मूळ ठिकाण म्हणून 'रत्नागिरी जिल्हा' पुरे. वाडीचे नाव देऊ नका, कारण झाडावरून आमरी ओरबाडून नेणारेही अशा नोंदी वाचतात.