ए विंगच्या मावशींचा पगार

सचिव (बी-४०२): नमस्कार मंडळी. रविवारच्या सभेसाठी सफाईच्या पगाराचा तक्ता. पुरुष कामगार (बी विंग) ९,५००. महिला कामगार (ए विंग) ८,०००. एप्रिलपासून दोघांना ५०० वाढ. हरकत असेल तर इथेच सांगा.

ए-१०३: माझी हरकत आहे. दोन्ही विंग चार मजली, सोळा-सोळा घरं. तोच केर, तेच जिने. मग दीड हजाराचा फरक कसला?

खजिनदार (बी-२०१): काकू, हे आधीच्या कमिटीपासून चालत आलंय. मावशींनी कधी तक्रारही केली नाही.

ए-१०३: कशी करतील? काम गेलं तर काय, ही धास्ती असते. मी स्वतः फोर्टात स्टेनो होते, तेव्हा मीही गप्पच बसले होते.

बी-२०१: पण बी विंगचे दादा टाकीवर चढतात, पंप बघतात.

ए-३०४: टाकी वर्षातून दोनदा धुतात, तीही बाहेरचे लोक येऊन. आणि मावशी चौथ्या मजल्यावरून ओल्या कचऱ्याचा डबा कमरेवर घेऊन उतरतात. मी रोज बघते, प्रत्येक मजल्यावर टेकतात.

ए-१०३: पंपाचं काम वाटत असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या. झाडूचा दर एकच हवा. आमच्या काळातली एक केस सांगते, जरा लांबेल. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डिकोस्टा नावाच्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, त्याच वर्षी समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ ला कायदा झाला. १९७७ ला बाईंची नोकरी गेली, पण त्यांनी मागचा फरक मागितला. कंपनी म्हणाली, पगाराचा युनियनशी करार झालाय, शिवाय साहेबांच्या हाताखालचं हे काम वेगळं. सुप्रीम कोर्टाने १९८७ ला दोन्ही म्हणणी फेटाळली. काम एकाच स्वरूपाचं असेल तर कामातले किरकोळ फरक धरायचे नाहीत, आणि करार कायद्याच्या वर जात नाही. कंपनीची परिस्थिती बेताची आहे, हेही कारण चाललं नाही. दहा वर्षं! कोर्टाची पायरी चढायला त्या बाईंना किती धीर लागला असेल, हे मला आजही जाणवतं.

बी-३०१: माझी आई परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बायकांचं खातं म्हणजे हलकं काम, असंच सगळे धरून चालायचे. संध्याकाळी तिची बोटं सुतानं कापलेली असायची. काकूंना माझा पाठिंबा.

बी-२०१: मान्य. पण बजेट तेवढंच आहे. मग दोघांना ९,००० करू का? बरोबरी होईल.

ए-१०३: नाही हो भाऊ. बरोबरी करायला कुणाचा पगार खाली आणायचा नाही, हे त्या कायद्यातच लिहिलं होतं. २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दादांच्या ताटातलं काढून मावशींना वाढायचं नाहीये.

ए-३०४: आणि मागच्या वर्षाचा फरक? दीड हजार गुणिले बारा, १८,०००. बत्तीस घरांत घरटी ५६३ रुपये.

बी-३०१: माझे ५६३ लिहून घ्या.

ए-३०४: माझेही.

बी-२०१: माझेही घ्या. हा हिशोब मी आधीच करायला हवा होता, काकू.

सचिव: ठीक. एप्रिलपासून दोघांनाही १०,०००, आणि मावशींना मागच्या वर्षाचा फरक. रविवारी ठराव मांडतो.

ए-१०३: मांडा. मावशींना उद्या सकाळी मी सांगते. आणि तक्त्यात ‘पुरुष कामगार’, ‘महिला कामगार’ असे दोन रकाने केलेत, ते आधी काढा. ‘सफाई कामगार’ एवढंच लिहा. ‘लेडी स्टेनो’ म्हणून वीस वर्षं काढली आहेत मी.