नियम हालचालीत दिसायला हवेत

जादूला पक्के नियम असले की मालिका बघण्यासारखी होते, असं बरेच जण म्हणतात, आणि ते मला बऱ्यापैकी पटतं. पण ते नियम नुसते पात्रांच्या तोंडून वदवून घेतले की शिकवणीचा तास सुरू होतो. ॲनिमेशनमध्ये ते अंगाच्या हालचालीत दिसले पाहिजेत. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५ ते २००८, ६१ भाग) या ॲनिमेशन मालिकेत पात्रं पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू ही तत्त्वं जादूने हाताळतात, आणि प्रत्येक तत्त्वाला खरीखुरी चिनी युद्धकला दिली आहे. पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तरेकडची शाओलिन, वायूला बागुआ. त्यासाठी सिफू किसू हे युद्धकलेचे जाणकार सल्लागार म्हणून घेतले होते. पृथ्वी हाताळणारी आंधळी मुलगी टॉफ तर बाकीच्या पृथ्वीवाल्यांसारखी लढतच नाही, तिला दक्षिणेकडची मँटिस शैली दिली आहे.

मला हे दुसऱ्यांदा बघताना कळलं. पहिल्या खेपेला पोरांचं कार्टून म्हणून एक डोळा मोबाइलवर ठेवून बघितली होती! आता एखादी मारामारी आवाज बंद करून बघा, कोण कुठल्या तत्त्वाचा ते पाय कसे रोवलेत यावरूनच ओळखू येतं. सुरुवातीचे काही भाग बालिश आहेत, तेवढी कळ मात्र काढावी लागते.