टायटन्स कुठले आपले? नाशिकच्या संघांना नावं कुठून आणायची?

गोदाकाठ
आमच्या भागात मे महिन्यात कबड्डीची स्पर्धा आहे. आठ संघ, त्यांतले दोन मुलींचे. नावांची यादी माझ्याकडे आली: वॉरियर्स तीन, रॉयल्स दोन, एक पँथर्स, एक किंग्ज आणि एक टायगर्स इलेव्हन. कबड्डीत सात जण खेळतात, पण बोलणार कोण!

मोठ्यांचंही तेच. २०२३ मध्ये क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, पुण्याला 'पुणेरी बाप्पा' मिळाला आणि आपल्याला 'नाशिक टायटन्स'. टायटन्स ग्रीक पुराणातले. झ्यूसकडून हरले आणि पाताळात कोंडले गेले. हरलेल्यांचं नाव, तेही उसनं?

इथे काय कमी आहे? रामशेज घ्या. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि मूठभर माणसांनी कित्येक वर्षं तो गड लढवला. बचाव पक्का असलेल्या संघाला याहून चांगलं नाव नाही. चढाईवाल्यांना जोगलटेंभी. गोदावरी-दारणेच्या संगमावरच्या या गावात क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांवर नाणी. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. समोरच्याच्या अंगणात जाऊन त्याच्याच नाण्यावर आपला छाप, चढाई म्हणजे दुसरं काय असतं? शिवाय पांडवलेण्यांचा डोंगर त्रिरश्मी आहे, अंजनेरी आहे, टाकेदचा जटायू आहे.

उगाचबोलतो
टायटन्स हरले म्हणून नकोत आणि जटायू चालतो? त्याचे तर पंख छाटले. रामशेजही शेवटी पैसे चारून घेतलाच ना मोगलांनी? उद्या त्या संघानं सामना सोडला की हेच ऐकवतील लोक.

खरी अडचण वेगळी आहे. आदरानं ठेवलेलं नाव कोणी तोंडात घेत नाही. आपलं मोठं मैदान कोणतं? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तो पोरगा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. रिक्षावाल्याला हे नाव सांगून बघा, तो विचारेल, "कुठं, गोल्फ क्लबला?" रणजीची मॅच बघायलाही आपण गोल्फ क्लबलाच जातो. ज्या हुतात्म्याचं नाव आपल्याला मैदानाला वापरता येत नाही, त्याच्या जोडीचं नाव पोरांच्या बनियनवर टिकेल?

गोदाकाठ
जटायू हरला खरा, पण समोर रावण आहे हे दिसत असताना म्हातारा पक्षी मध्ये पडला. आणि रामशेज कोणी लढून घेतला नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

गोल्फ क्लबचं मात्र मान्य. मीसुद्धा तेच म्हणतो.

मेनरोडचा_छपाईवाला
काका, नावं झकास आहेत, पण जर्सी मी छापतो. मागच्या वर्षी एका मंडळानं 'त्रिरश्मी' दिलं. त्यांच्या पोरानं मोबाइलवर डिझाइन करून पाठवलं, त्यात 'त्‌रिरश्‌मी' झालेलं. पाय मोडलेला त, वर पाय मोडलेला श. माझं लक्ष गेलं नाही, त्यांचंही नाही. पंधरा जर्सी तशाच निघाल्या आणि पोरं फायनलपर्यंत तसल्याच घालून खेळली. जोडाक्षराचं नाव देणार असाल तर आधी कागदावर प्रिंट काढून बघा. इंग्रजी नावं का खपतात, त्याचं निम्मं कारण हे आहे.

पंचवटीतली
यादीत मुलींचे दोन संघ आहेत आणि सुचवलेली नावं गड, नाणी, डोंगर नि पक्षी!

माझी भाची एका संघाची कॅप्टन आहे. तिनं घरी जाहीर केलं, "आम्ही शूर्पणखा." आई तिथल्या तिथे ओरडली. पण नाशिकचं नाव त्या कापलेल्या नाकावरून पडलं, ही गोष्ट पाहुण्यांना आपणच तपोवनात उभं राहून सांगतो ना? भाचीचं म्हणणं, नाक गेलं तरी ती गप्प बसली नाही, सगळं रामायण तिथून पुढे पेटलं.

आडगावनाका
ताई, प्रेक्षक काय काय ओरडतील, याचा विचार करा. पंधरा वर्षांच्या पोरींना "नकटी, नकटी" ऐकायला लावणार? पुराण राहू द्या बाजूला.

पंचवटीतली
हे पटलं, दादा. मग माझं दुसरं नाव ऐका: बलश्री. गौतमी बलश्री, गौतमीपुत्राची आई. त्याचा सगळा पराक्रम आपल्याला कळतो तो पांडवलेण्यातल्या तिच्या शिलालेखातून. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे तिथेच कोरलंय. आणि मुलाची ओळखच आईच्या नावानं. भाचीला विचारलं तर म्हणाली, "यात बल आहे, चालेल."

सातपूरकर
कोणीतरी मला 'काळाराम' सुचवलं, म्हणून लिहितो. २ मार्च १९३० ला त्या मंदिराच्या दारापुढे दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. माझे पणजोबा त्यात होते. दार उघडलं नाही. ते नाव छातीवर लावून मला खेळता येणार नाही. 'सत्याग्रही' ठेवा, आमची पोरं आनंदानं घालतील. सगळ्यांचा इतिहास एकाच बाजूनं उभा नसतो, एवढं यादी करताना बघा.

गोदाकाठ
दादा, बरं झालं सांगितलंत. 'सत्याग्रही' यादीत घेतलं.

उगाचबोलतो
मग माझंही एक घ्या: दुतोंड्या, आपला गोदाकाठचा दोन तोंडांचा मारुती.

हसू नका. गोदेला पूर आला की अख्खं गाव एकच विचारतं, "दुतोंड्याला पाणी कुठपर्यंत?" ते नाव कोणत्या समितीनं ठेवलेलं नाही. तीन अक्षरं, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जातात. दोन तोंडं असल्यामुळे चढाईलाही नजर आणि बचावालाही. समोरचे "दुतोंडी, दुतोंडी" चिडवतील? चिडवू देत की. आणि स्कोअर सांगायला आकडा नको. पाच गुणांना पाणी गुडघ्याला, पंधराला कमरेला.

आडगावनाका
आणि हरलो तर?

उगाचबोलतो
डोक्यावरून गेलं, म्हणायचं. पूर ओसरला की मारुती तिथेच असतो.

मेनरोडचा_छपाईवाला
'दुतोंड्या'तही जोडाक्षर आहे, काका. कागदावर प्रिंट काढून मग पाठवा.